हरलेल्याची सोबत

भांडण लागलं, की पाटीलकाकी आधी चहा ठेवायच्या.

वरच्या आळीतून कुणीतरी धापा टाकत यायचं. "काकी, चला लवकर, डोकी फुटतील," म्हणत अंगणात येरझाऱ्या घालायचं. काकी आतूनच विचारायच्या, "साखर किती घालू तुला?" आलेल्याचा जीव वर-खाली होई. काकी चहा गाळायच्या, त्याच्या हातात कप द्यायच्या, स्वतःचा बशीत ओतून फुंकर घालत प्यायच्या आणि मग पदर खोचून निघायच्या. मी त्यांच्या पडवीलगतच्या खोलीत नुकतीच भाड्याने राहायला आले होते. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला राहवलं नाही. ही बाई गावची पोलीस पाटील, आणि तिकडे आग लागलेली असताना ही बशीत फुंकर मारतेय!

"काकी, तिकडे खरंच काही झालं तर?"

"कान द्या बाई. शिव्या ऐकू येतायत ना? मंग काळजी न्हाय. तोंड चालू हाय तवर हात थांबलेले असतात. गप्प झाले, की मंग पळायचं."

दिवेआगरच्या अलीकडे, खाडीला लागून असलेलं ते गाव. नारळ-पोफळीच्या वाड्या, मधून जाणाऱ्या वाटा, आणि कुठेही उभं राहिलं तरी पानांआडून येणारी समुद्राची गाज. मी पालीची. आमच्याकडे भाताची खाचरं आणि डोंगर. समुद्र शाळेच्या सहलीत पाहिलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेवर नेमणूक झाली आणि नवऱ्याला रोह्याला कारखान्यात ठेवून मी एकटीच इथे आले. एकट्या बाईला खोली कोण देणार, हा प्रश्न होता. शाळेतल्या मदतनीस बाई म्हणाल्या, "पाटीलकाकींकडे जा. त्यापण एकट्याच असतात." त्यांचा मुलगा संदेश मुंबईला नोकरीला होता, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी दारात उभी राहिले तर त्यांनी भाडं सांगितलं नाही. आधी विचारलं, "तुम्हाला रात्रीची एकटीला भीती वाटते का?" मी म्हटलं, थोडी वाटते. "मंग बरं. मलाही वाटते," म्हणाल्या, आणि किल्ली काढून दिली.

भांडणाच्या जागी पोचल्यावर त्या काय करतात, हे पाहायला मी एकदोनदा मुद्दाम मागे गेले. काही करत नसत. जो सगळ्यात मोठ्याने ओरडत असेल त्याच्याच पायरीवर बसायच्या आणि म्हणायच्या, "पाणी दे रे जरा. चढण चढून आलेय." आता दारात आलेल्या वडीलधाऱ्या बाईला पाणी नाही म्हणायची कुणाची छाती? तो चरफडत आत जाई. तांब्या भरून, वर पेला झाकून, सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत बाहेर येई. तेवढ्यात त्याचा आवाज निम्म्यावर आलेला असे. काकी सावकाश पाणी पीत आणि मग भलतंच काहीतरी विचारत. "हा फणस कुणी लावलेला रे?" भांडण असे फणसाच्या फांद्यांचं. एक म्हणे आमच्या आजोबांनी, दुसरा म्हणे, तुझ्या नव्हे, दोघांच्या आजोबांनी मिळून. मग आजोबांच्या गोष्टी निघत. तास-दीड तासाने फांदी कापायची की ठेवायची ते आपोआप ठरून जाई, आणि काकींनी काय निकाल दिला असं कुणी विचारलं, तर सांगता येत नसे.

पण मला त्यांची आवडलेली गोष्ट ही नव्हे. भांडण मिटलं की त्या ज्याला पडतं घ्यावं लागलं असेल त्याच्याबरोबर चालत त्याच्या घरापर्यंत जायच्या. वाटेत भांडणाचा विषय काढायच्या नाहीत. म्हशीची, पावसाची, सुपारी कुठवर सुकली याची चौकशी करायच्या. एकदा मी विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "जिंकलेल्याला सोबत लागत न्हाय. तो नाचत जातो. हरलेला एकटा घरी गेला, की बायको विचारते, काय झालं. मंग तो उंबऱ्यावर बसून पुढचं भांडण ठरवतो. पाटीलकाकी सोबत आली म्हणजे तो हरून आला, असं दिसत न्हाय."

त्यांच्या ओटीवर नवऱ्याचा मोठा फोटो होता. भरघोस मिशा, रुंद छाती. गावात त्यांना वाघ म्हणत. पालखीच्या मानावरून झालेल्या मारामारीत त्यांनी एकट्याने शेजारच्या गावच्या माणसांना कसं पिटाळलं, पोलिसांची जीप कशी रिकामी परतवून लावली, या गोष्टी मी चहाच्या टपरीपासून शाळेच्या व्हरांड्यापर्यंत सगळीकडे ऐकल्या होत्या. येणारेजाणारे फोटोपुढे उभे राहून म्हणत, "केवढा माणूस होता!" काकी म्हणत, "व्हय, मोठा व्हता." एकदा कुणी नसताना त्या फोटोची काच पुसत होत्या आणि माझ्याकडे न बघताच पुढचं वाक्य बोलल्या. "इतका मोठा व्हता, की ते दारातून आत आले की घर बारीक व्हायचं."

त्या मला आधी अहोजाहो करायच्या. एका पावसाळ्यात मी तापाने फणफणले, तेव्हा त्यांनी पेज भरवली, कपाळावर घड्या ठेवल्या, आणि बरी होऊन उठले तर मी 'तू' झाले होते. त्यानंतर आम्ही एकत्रच जेवायला लागलो. तेव्हा मला एक गोष्ट दिसायला लागली. आमच्या दारात रोज कुणी ना कुणी येई, पण सगळे अडचणीतले. कुणाच्या घरी बारसं असलं, लग्नाची बोलणी असली, की बोलावणं येत नसे; आलंच तर दारातून, घाईत, "या हं" म्हणून. मला राग यायचा. काकी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "रागावू नको. मी त्यांची भांडणं बघितलीत. कोण भावाला काय बोललं, कुणाची सून काय ओरडली, सगळं माझ्या कानात हाय. ज्यानं आपल्याला उघडं बघितलंय, त्याला कोण हौसेनं जेवायला बोलवील? गाव दोन बाजूंचं असतं. मी मधल्या बांधावर. बांधावर कुणी घर बांधत न्हाय."

हे त्या दुःखाने म्हणाल्या की नुसतंच सांगितलं, ते मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी दिवा लावून झाला की त्या संदेशला फोन करायच्या. बोलणं फार नसे. जेवलास का, पाऊस हाय का, गणपतीला येशील ना. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तो हातातच असे.

करोनाच्या वर्षी संदेश घरी आला. मुंबईत काम बंद झालं होतं. काकींचा चेहरा असा उजळला, की मी खोलीत बसून ओटीवरचं त्यांचं हसणं ऐकत राहायचे. माझीही शाळा बंद, नवरा रोह्याला अडकलेला, मी इथे. आणि मग जूनच्या सुरुवातीला ते वादळ आलं.

वादळाचं मी फार सांगत नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको. सकाळी वाडी होती, संध्याकाळी नव्हती. माड मुळासकट उपटून घरांवर पडले होते. पोफळी तर काडीसारख्या मोडल्या. आमचे पत्रे उडून कुठे गेले ते कळलंच नाही. कित्येक दिवस वीज नव्हती. पण सगळ्यात विचित्र म्हणजे वाड्यांच्या हद्दी नाहीशा झाल्या होत्या. कुणाची वाडी कुठे संपते हे लोक झाडांवरून ओळखायचे, आणि झाडं सगळी एकमेकांवर पडलेली.

काकींच्या वाडीला लागून जनूकाकांची वाडी. जनूकाका सरळ, अबोल माणूस. संदेश लहान असताना त्याला माडावर चढायला त्यांनीच शिकवलं होतं. दोन्ही वाड्यांच्या मध्ये पोफळींची एक रांग होती, ती आडवी झाली. पंचनाम्याला माणसं येणार होती, म्हणून जनूकाकांनी सकाळी आपल्या बाजूचं साफ करायला घेतलं, आणि ते त्या रांगेच्या अलीकडे आले. संदेशने हटकलं. जनूकाका म्हणाले, "ही रांग मुळात चुकीच्या जागी हाय, संदेश. माझ्या बापाला विचारायला हवं व्हतं तुझ्या बापानं." संदेश म्हणाला, माझ्या बापाचं नाव घेऊ नका. आवाज चढले. गावातली दहा-पंधरा माणसं जमली.

काकी चुलीपाशी होत्या. गॅस संपलेला, म्हणून अंगणात तीन दगडांची चूल मांडली होती. त्यांनी कान दिला, नेहमीसारखं आधण ठेवलं. मी पत्र्याचे तुकडे गोळा करत होते. ओरडणं चालू होतं, चालू होतं, आणि एकदम थांबलं.

काकी उठल्या आणि धावत सुटल्या. त्यांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. पडलेल्या खोडांवरून, चिखलातून, पायातल्या चपला मागे टाकून. मी मागे. तिथे पोचलो तर संदेशच्या हातात कोयता होता आणि जनूकाकांच्या हातातही. कुणी पुढे व्हायला तयार नव्हतं. काकी सरळ जाऊन दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या, तोंड मुलाकडे.

"आई, बाजूला हो. हे आपल्या जमिनीत घुसतायत."

"आपली न्हाय ती," काकी म्हणाल्या.

त्यांना धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत त्या थांबल्या. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्याच्या पुढच्या पावसात नवऱ्याने जनूच्या बापाला विहिरीपाशी धरून मारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ही रांग त्याच्या हद्दीत आत सरकवून लावली होती. "रोपं मी नेऊन दिली त्यांच्या हातात. पाणीपण मीच घातलं. जनूचा बा त्या पायरीवरून बघत व्हता. काय बोलला न्हाय तो. वाघाला कोण बोलणार? ते गेल्यावर मी बोलायला हवं व्हतं. मेलेल्या माणसाला खोटं पाडायला जीव धजला न्हाय. आज सांगते. जनू म्हणतो ते खरं हाय."

जनूकाकांच्या हातातला कोयता खाली गेला. ते तिथेच एका खोडावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या बापाची गोष्ट पहिल्यांदा कुणीतरी चारचौघांत बोललं होतं.

संदेश आईकडे बघत उभा होता. कोयता त्याने टाकला, पण त्याचा तो चेहरा मला अजून विसरता येत नाही. "सगळ्या गावासमोर? बापाला चोर केलंस?" तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी उभा राहिलो आणि तू माझ्या बाजूनं उभी राहिली न्हायस."

"तुझ्याच बाजूनं उभी हाय रे," काकी म्हणाल्या.

तो वळून चालायला लागला. काकी त्याच्याबरोबर निघाल्या. तो थांबला आणि म्हणाला, "येऊ नको माझ्याबरोबर." मग काकी त्याच्या मागून चालत राहिल्या, बरंच अंतर ठेवून, अनवाणी. साऱ्या गावाने ते पाहिलं. गावात अशी एकच सोबत नाकारली गेली, ती त्यांच्या मुलाने.

वाहनं थोडीफार सुरू झाली तसा तो मुंबईला निघून गेला. काकींचा फोन तो उचलत नसे. गावातही बोलणी सुरू झाली. जनूकाकांची चार घरं सोडली, तर बाकीच्यांना काकींचं वागणं पटलं नाही. पोटच्या पोराची बाजू घेता आली नाही, मेलेल्या नवऱ्याची अब्रू घालवली, जमीन गेली ती गेलीच. भावकीतल्या बायका दारावरून जाताना पलीकडे बघायला लागल्या. कार्याचं बोलावणं आधी दारातून तरी यायचं, आता तेही थांबलं. भांडणं मिटवायला मात्र लोक येतच राहिले. काकी चहा ठेवायच्या, ऐकायच्या, जायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "कशाला जाता? तुमच्याकडे कोण येतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला काही कळतच नाही. "अगं, त्यांची डोकी फुटली तर माझं एकटेपण कमी व्हईल काय?"

पावसाच्या शेवटी जनूकाकांनी नवी रोपं आणली आणि खऱ्या हद्दीवर लावायला घेतली. काकी कळशी घेऊन गेल्या. ते खड्डा करत, त्या पाणी घालत. त्यानंतर जनूकाकांची बायको, शेवंताकाकू, अधूनमधून वाटीत कालवण घालून आणायला लागल्या. तेवढंच.

वयाची अट आली आणि काकींचं पद गेलं. नवा पोलीस पाटील तरुण होता, मोटारसायकलवाला, भांडण लागलं की दोन मिनिटांत पोचणारा. काकींच्या अंगणात कुणी धापा टाकत येईनासं झालं. त्या दिवसांत घर इतकं शांत असे, की फ्रिज सुरू झाला तरी आम्ही दोघी दचकायचो. त्यांची गाज ऐकायची सवय वाढली. ओटीच्या पायरीवर बसून त्या नुसत्या समुद्राच्या दिशेला तोंड करून असत. संदेशला फोन लावणं आता आठवड्यावर आलं होतं. पूर्ण वाजू देत, तो बंद झाला की मोबाईल खाली ठेवत, आणि म्हणत, "रिंग जाते हाय. नंबर बदलला न्हाय त्यानं."

माझी बदली पालीजवळ झाली. ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं अर्ज केले ती मिळाली, आणि मला रडू आलं. निघायच्या सकाळी काकी माझ्याबरोबर एसटीच्या थांब्यावर आल्या. एसटी यायला वेळ होता. इतके दिवस जे विचारायचं टाळलं होतं ते मी तेव्हा विचारलं. "काकी, त्या दिवशी तुम्ही गप्प राहिला असतात तर? संदेश आज इथे असता. पस्तावा होतो का?"

त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "गप्प राहिले असते तर एक जण सरणावर गेला असता आणि एक तुरुंगात. कोण कुठं, ते देवाला म्हाईत. आता काय हाय? जनू वाडीत हाय. माझा पोरगा मुंबईत हाय, माझ्यावर रागावलेला हाय. रागवायला माणूस जिता लागतो गं. रागावलेला पोरगा परवडला." मग माझ्या पिशवीचा बंद नीट करत म्हणाल्या, "फक्त घर फार मोठं वाटतं आता."

पुढे दोन वर्षं फोनवर बोलणं होत राहिलं. एका दुपारी फोन आला तो त्यांच्या नंबरवरून, पण आवाज शेवंताकाकूंचा होता. काकी जेवून पडवीत आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. मला लगेच जाता आलं नाही. तेरावं उरकून पाहुणे पांगल्यावर पोचले.

संदेश ओटीच्या पायरीवर बसला होता. डोकं भादरलेलं, अंग सुटलेलं, कानशिलांवर पांढऱ्याचे कोंब. मला पाहून उठला, पाणी आणून दिलं. वरच्या आळीतली दोनतीन म्हातारी माणसं भेटून निघाली होती, फोटोकडे बघत म्हणत होती, "केवढा माणूस होता! वाघाचं घर हे." संदेश त्यांना फाटकापर्यंत पोचवून आला. काकींचा फोटो अजून कुणी लावला नव्हता.

"बाई," तो म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं होतात इथं. ती माझ्याबद्दल काही बोलायची का?"

मी त्याला थांब्यावरचं बोलणं सांगितलं, जसंच्या तसं. तो ऐकत होता. 'रागावलेला पोरगा परवडला' म्हटल्यावर त्याने मान वर केली.

"रागावलेला?" तो म्हणाला. "मी कुठं रागावलेलो होतो? पहिलं वर्षभर होतो. नंतर... कोयता कुणावर उचलला ते आठवायचं. जनूकाका खाली उभे राहून सांगायचे मला, पाय इथं ठेव, आता इथं. आणि मी त्यांच्यावर... फोन वाजायचा ना बाई, मी समोर ठेवून बघत बसायचो. काय बोलणार? लाज वाटायची. तिला वाटत होतं, मी अजून रागावलोय?"

"हो," मी म्हटलं. खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण त्या घरात बसून खोटं बोलवेना.

पलीकडून भांड्यांचे आवाज येत होते. थोड्या वेळाने शेवंताकाकूंनी त्यांच्या दारातून हाक मारली, "संदेश, पानं वाढलीत रे. बाईंनाही घेऊन ये."

तो डोळे पुसून उठला आणि नव्या पोफळींच्या मधून वाट काढत पलीकडे गेला. जनूकाका आधीच पानावर बसलेले इथून दिसत होते. त्यांनी त्याला काही विचारलं नाही. थोडं सरकून शेजारी जागा केली.

मी जरा मागे राहिले. काकींच्या घराचं दार ओढून घ्यायला कुणीतरी हवं होतं.